कसाऱ्यापलीकडची फॅशन

मराठी बाईच्या पेहरावाचा इतिहास कोणाला लिहायचा असेल, तर त्याने लग्नाचे अल्बम सरळ बाजूला ठेवावेत. लग्न, मुंज, बारसं, सत्यनारायण या फोटोंत बाई काय नेसली आहे ते तिने ठरवलेलंच नसतं. ते सासूने, दोन जावांनी आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी मिळून ठरवलेलं असतं. तिला स्वतःला काय आवडत होतं ते बघायचं तर प्रवासातले फोटो काढावेत. उंबरठ्याच्या आत जे चालत नव्हतं ते स्टेशनापलीकडे चालून गेलं आणि परतताना ट्रंकेत बसून घरात शिरलं. छत्री, चप्पल, पाचवारी, गॉगल, पंजाबी ड्रेस, सगळ्यांनी घरात येताना हाच रस्ता धरला.

पुरुषांच्या फोटोंचा या कामी काही उपयोग नाही. १९४०चा पुरुष कोट-टोपीत उभा असतो, १९७०चा शर्ट-पँटीत, आणि तिथून आजपर्यंत तो शर्ट-पँटीतच आहे. प्रवासाला निघताना तो फार तर एक मफलर वाढवतो. तोही बायको म्हणते म्हणून.

नाशिकची गोष्ट सांगायची तर प्रवासी पोशाखाची सुरुवात थेट सीतेपासून करावी लागते. बाहेरगावाहून येऊन पंचवटीत मुक्काम ठोकणारी आमच्या माहितीतली पहिली बाई तीच. तिचा प्रवासी पोशाख वल्कलांचा. फोटो उपलब्ध नाही. फोटो हलायला लागल्यावर मात्र ती उणीव भरून निघाली, तीही आमच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांकडून. १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये अण्णा साळुंके राम झाले होते आणि सीताही साळुंकेच झाले होते. त्याआधी १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये राज्य सोडून नवऱ्याबरोबर पायी निघालेली तारामती, तीसुद्धा साळुंके. बायकांनी पडद्यावर येणं अब्रूचं मानत नसत, म्हणून पडद्यावरच्या बाईचा पहिला पायी प्रवास एका पुरुषाने नेसत्या लुगड्यानिशी पार पाडला. नऊवारीत चालणं सोपं आहे की अवघड, यावर मत देण्याचा अधिकार असलेले हे दुर्मिळ पुरुष. त्यांना कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

आता आमच्यासारख्यांच्या घरातले फोटो. सगळ्यात जुना थर स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर राजवाड्याचा जिना. बाजूला तिवईवर पितळी फुलदाणी. जिना कोणत्या राजवाड्याचा ते फोटोग्राफरलाही ठाऊक नसावं, पण भद्रकालीतल्या वाड्यात राहणारी बाई त्या जिन्यावरून आत्ताच उतरून आल्याच्या थाटात उभी असते. अंगावर नऊवारी, लांब हातांचा पोलका, मनगटापाशी झालर, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, नथ, गोठ-पाटल्या, तोडे. चेहऱ्यावर हसू नाही. एकदा हसलं की फोटो कायमचा बिघडला, अशी तेव्हाची समजूत असणार.

जत्रेतल्या फोटोवाल्याने यावर कडी केली. त्याच्याकडे पुठ्ठ्याची मोटार असायची, पुढे पुढे पुठ्ठ्याचं विमानही आलं. विमानाच्या भोकांतून चार जणींचे चेहरे बाहेर, चौघींच्या डोक्यावर पदर, आणि चौघीही असं बघतायत की वैमानिकाने जरा बेतानेच चालवावं. या चौघींपैकी तिघींनी आगगाडीसुद्धा पाहिलेली नसायची. न केलेल्या प्रवासाचाही पुरावा ठेवता येतो हे आजच्या पिढीला फार उशिरा कळलं.

प्रत्यक्ष प्रवासात मात्र हीच नऊवारी भलतीच कामाची होती. कासोटा घातला की बाई बैलगाडीत चढायला मोकळी, उतरायला मोकळी आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीला फेरी घालायलाही मोकळी. ओच्यात लिमलेटच्या गोळ्या, सुपारी, तान्ह्याचं टोपडं आणि प्रसादाचा नारळ मावायचा. कमरेला खोचलेल्या बटव्यात पैसे. रात्री वेळ आलीच तर पदर अंथरूण, आणि गारठा पडला की तोच पांघरूण. पुढे फॅशनने बाईला पर्स दिली आणि खांदा दुखायला लागला. ओचा होता तोवर ही तक्रार कुठल्याच वैद्याच्या वहीत नसणार.

दागिन्यांचंही तसंच. जुन्या फोटोत बाई काशीयात्रेला निघाली तरी वज्रटीक, पुतळ्या, मोहनमाळ घालून निघालेली दिसते. नव्या मुलींना हा थाट वाटतो. खरं कारण असं की घरी बँकेचं लॉकर नव्हतं आणि जावेवर तेवढा विश्वास नव्हता. दागिना गळ्यात असला की निदान आहे एवढं तरी कळतं.

नाशिकरोड स्टेशनापासून गावात मेनरोडपर्यंत यायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ट्राम होती. सुरुवातीला ती घोडे ओढायचे. १९३०नंतर दोन-तीन वर्षांत ती बंद पडली. म्हणजे दोन पिढ्यांच्या नाशिककर बायका ट्राममधून माहेरी आल्या असणार, पण मुंबईच्या ट्रामचं कौतुक आजही चालू आहे आणि आमच्या ट्रामचं नाव काढलं की नाशकातलाच माणूस म्हणतो, “नाशकात? ट्राम?” नऊवारी, हातात ट्रंक, कडेवर पोर आणि समोर घोडा, एवढी सामग्री असूनही आमची जाहिरात कमी पडली.

चप्पल आणि छत्री आज कोणाच्या खिजगणतीत नाहीत. पण त्या काळी बाईने पायात घालणं आणि डोक्यावर धरणं हे दोन्ही पुरुषांच्या मिरासदारीत ढवळाढवळ केल्यासारखं होतं. काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी बूट घालून, छत्री घेऊन रस्त्याने निघाल्या तर लोकांनी दगड मारल्याची हकीकत नोंदलेली आहे. ऊन पुरुषांना लागत होतं तेवढंच बायकांनाही लागत होतं, पण त्याबद्दल समाजाचा ठराव झालेला नव्हता.

याच आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. वय अठरा. डॉक्टर व्हायला निघालेल्या या मुलीपुढे जे प्रश्न होते त्यातला एक होता पोटऱ्यांचा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. कल्याण-पुण्याच्या हवेला ते चालतं, फिलाडेल्फियाच्या बर्फाला चालत नाही. तेव्हा त्यांनी साडी गुजराती पद्धतीने, पायघोळ नेसायला घेतली. देशी पोशाख सोडायचा नाही हा हट्ट शाबूत आणि पायही झाकलेले. अठराव्या वर्षी इतका शहाणा तोडगा काढणारी मुलगी डॉक्टर झाली यात नवल नाही. १८८५चा त्यांचा एक प्रसिद्ध फोटो आहे: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली, तिघी एकाच वैद्यकीय कॉलेजच्या विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. परदेशातल्या आपल्या लेकी-सुना आज कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय दिवसाला पैठणी नेसून फोटो पाठवतात. तो प्रघात नवा नाही, त्याला एकशे चाळीस वर्षं होत आली.

आमच्या भागाचं खरं योगदान मात्र शिफॉनमध्ये आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. मालेगाव तालुक्यातलं कौळाणे हे सयाजीराव गायकवाडांचं जन्मगाव. शेतकऱ्याचा मुलगा १८७५मध्ये दत्तक जाऊन बडोद्याचा महाराज झाला. त्यांची मुलगी इंदिराराजे पुढे कूचबिहारची महाराणी झाली. तिच्या युरोपच्या वाऱ्या सतत चालू असत, आणि फ्रेंच शिफॉनच्या साड्या हिंदुस्थानात रूढ करण्याचं श्रेय तिलाच दिलं जातं. इटलीच्या फेरागामो नावाच्या चांभारदादांकडून, आता मोठं नाव आहे ते, तिने एकदम शंभर जोड करून घेतल्याचं सांगतात. मालेगावच्या मागांवर रंगीत लुगडी निघत राहिली आणि कौळाण्याची लेक पॅरिसहून शिफॉन आणत राहिली. शिफॉनचा प्रवास राजवाड्यात थांबला नाही. तो सिनेमात गेला, सिनेमातून पोस्टरवर, पोस्टरवरून मेनरोडच्या दुकानात आणि तिथून आमच्या मावशीच्या अंगावर. मावशीला मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की ही फॅशन मुमताजने काढली.

नाशिककर बायकांना परदेशी नमुना बघायला पॅरिसला जायची गरजही नव्हती. देवळाली कॅम्प होता. तिथे गोऱ्यांच्या मडमा हॅट आणि हातमोजे घालून फिरायच्या. आरोग्यभुवनांतून हवापालटाला आलेल्या पारशी बायका गारा साडी, लेसचं ब्लाउज आणि पायात मोजे अशा थाटात बागेत बसायच्या. पारशीण साडीच नेसायची, म्हणजे आपल्यातलीच, पण काठ वेगळा आणि ब्लाउजची बाही वेगळी. ती बाही एकदा नजरेत भरली की नाशकातल्या शिंप्याची खैर नसे. “हात असे फुगीर आणि इथे चुण्या, अगदी देवळालीसारखे” एवढ्या वर्णनावर त्याने कापड बेतायचं. तो ते बेतायचा आणि फुगा भलतीकडेच यायचा. जुन्या फोटोत एका खांद्यावर फुगा आणि दुसऱ्यावर जरा कमी फुगा दिसला, तर ते नाशिकचं खास काम समजावं.

१९५०नंतर अल्बममधला प्रवास स्टुडिओबाहेर पडला, कारण घरात कॅमेरा आला. आमच्याकडे आला तो आग्फा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा फोटो. बारातले दोन मुलं बटणाशी खेळण्यात जायची, एक काकांच्या अंगठ्याचा यायचा. उरलेल्या नवांत सबंध दक्षिण भारत बसवायचा होता. म्हणून फोटो काढायच्या आधी समोरच्या बाईला तिच्या जागेवरून इतक्या वेळा हलवलं जायचं की प्रत्यक्ष फोटोत ती वैतागलेलीच येई. तिच्या पातळावर खाली एक लांबट काळा डाग दिसतो. तो डाग म्हणजे काका. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढायचा असा नियम, त्यामुळे काढणाऱ्याची सावली सगळ्या साड्यांवर पडलेली आहे. त्या पिढीतल्या कर्त्या पुरुषाचा कुटुंबाच्या सहलीतला पुरावा एवढाच.

सामान बघण्यासारखं आहे. वळकटीची जागा होल्डॉलने घेतलेली. फिरकीचा तांब्या. प्लॅस्टिकच्या वायरची विणलेली पिशवी, तिच्यात दशम्या, चटणी आणि नाशिकचा चिवडा. आणि या सगळ्याच्या मधोमध उभ्या असलेल्या काकूंच्या डोळ्यांवर गॉगल. घरी काकूंनी सासऱ्यांसमोर मान वर केली नव्हती. इथे त्या उटीच्या तळ्याकाठी गॉगल लावून, मान किंचित तिरकी करून आभाळाकडे बघतायत. नऊवारी जाऊन पाचवारी आलेली आहे. विचारलं तर म्हणायच्या, “अहो, रेल्वेत नऊवारी सुकत नाही.” या एका वाक्यावर महाराष्ट्रातल्या निम्म्या बायकांनी नऊवारी सोडली असावी. नऊवारी सुकत नाही हे त्यांच्या सासूबाईंना पन्नास वर्षांत का जाणवलं नाही, असं विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

या थरातला एक फोटो, म्हणजे खरं तर तीन फोटो, जवळून बघण्यासारखे आहेत. पहिल्यात थोरली काकू महाबळेश्वरला. दुसऱ्यात आत्या वेरूळला कैलासलेण्यापुढे. तिसऱ्यात आई दिल्लीला कुतुबमिनारपाशी. तिघींचीही उभं राहण्याची ढब एकच: डावा हात पोटाशी, मुठीत पदराचं टोक. बघणाऱ्याला वाटतं, काय शालीन पिढी होती! जरा भिंग लावलं की दिसतं, तिघींच्या अंगावर साडीही एकच आहे. बारीक फुलांची जॉर्जेट. वाड्यात प्रवासाची साडी ती एकच होती. जिचा प्रवास तिला साडी, आल्यावर धुऊन कपाटात. आणि त्या पदराच्या टोकावर इस्त्रीचा पानाएवढा डाग होता. तो मुठीत धरल्याशिवाय फोटो काढायचा नाही, हे वाड्याचं शास्त्र होतं. जी ढब पाहून आम्ही मुलींना आजवर शालीनतेचे धडे दिले तिचं मूळ कोळशाच्या इस्त्रीत आहे.

त्या साडीचा रंग कोणता, यावर अजून एकमत नाही. आत्या म्हणते मोरपंखी, काकूच्या मते लिंबोणी, आई म्हणते दोघींनाही आता नीट आठवत नाही. फोटो काळे-पांढरे असल्याने निकाल लागत नाही आणि दिवाळीला विषय पुरतो.

रंगीत फोटो आले तेव्हा नायलॉनचे दिवस होते. नायलॉन सुरकुतत नाही, लगेच वाळतं, वजनाला हलकं. त्यातून हवा जात नाही हा एक दोष सोडला तर प्रवासाला आदर्श. मे महिन्यात मनमाडच्या फलाटावर नायलॉनची साडी नेसून उभ्या असलेल्या बाईला उष्माघात का झाला नाही, हा अभ्यासाचा विषय आहे. याच थरात काश्मीरचा फोटो असतो. तो प्रत्येक घरात असतो आणि प्रत्येक घरात तोच असतो. भाड्याचा काश्मिरी ड्रेस, डोक्याला चांदीसारखी साखळी, काखेत प्लॅस्टिकच्या फुलांची टोपली. वय वर्षं पाच ते पासष्ट सगळ्यांना एकाच मापाचा ड्रेस. आजींच्या काश्मिरी ड्रेसखालून नऊवारीचा काठ दिसतो, कारण आजींनी ड्रेस लुगड्यावरून चढवलेला. “काढायचं म्हणाल तर मी फोटोच काढणार नाही,” असं त्यांनी ठणकावलं होतं. फोटोत आजी सगळ्यांत खूश आहेत.

१९७५मध्ये मनमाड-मुंबई पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली आणि नाशिकची मुंबई रोजची झाली. रोज अप-डाउन करणाऱ्या बायकांनी मुंबई बघितली, मुंबईच्या बायका बघितल्या. मुंबईकडची विजेची इंजिनं वर्षानुवर्षं इगतपुरीपर्यंतच यायची, तिथे इंजिन बदलायचं. त्याच सुमाराला आमच्याकडच्या बायकांचा पोशाखही बदलायचा, असं अल्बम सांगतो. लग्न झालेल्या बाईने पंजाबी ड्रेस घालणं नाशकात बसत नव्हतं. पण कसारा घाट उतरला की बसायचं. सहलीच्या सामानात तळाशी, टॉवेलाखाली, एक पंजाबी ड्रेस घडी करून ठेवलेला असे.

“सासूबाईंना फोटो दाखवायचा नाही हं.”

“का? चांगली दिसतेस की.”

“म्हणूनच.”

फोटो अर्थातच दिसायचा. कारण सहलीहून आलेल्या फोटोंचं पाकीट दिवाणखान्यात सर्वांदेखत फोडायची पद्धत होती. पाकीट फुटायचं, फोटो हातोहात फिरायचे आणि सासूबाईंपाशी येऊन थांबायचे. थोडा वेळ कोणी बोलत नसे. मग सासूबाई म्हणायच्या, “तिकडे सगळेच घालत असतील.” हे चार शब्द म्हणजे परवानगी. पुढच्या वर्षी ड्रेस इगतपुरीला अंगावर यायचा, त्याच्या पुढच्या वर्षी नाशिकरोडला, आणि मग एके दिवशी भाजी आणायला जाताना. जीन्सचंही पुढे हेच झालं. फक्त तिने पाच वर्षांचं काम दोन वर्षांत उरकलं.

आजची नाशिककर मुलगी प्रवासाला निघते तेव्हा तिचा पोशाख ओळखायची सोय नाही, कारण आत कोण आहे तेच दिसत नाही. डोकं-तोंड गुंडाळलेला स्कार्फ, त्यावर गॉगल, बोटांपर्यंत सनकोट, खाली स्कूटर. कॉलेज रोडच्या सिग्नलला अशा दहा जणी उभ्या राहिल्या की चंबळचं खोरं दोन चौक पुढेच असल्याचा भास होतो. सख्खी भाची शेजारून हॉर्न देऊन जाते आणि मामा घरी येऊन सांगतो, कोणीतरी मला ओळखणारी होती. पणजीने पदर चेहऱ्यावर ओढला तर तो जाच, आणि पणतीने स्कार्फ गुंडाळला तर ते त्वचेचं संरक्षण. फरक एवढाच की स्कार्फ तिला कोणी गुंडाळायला लावलेला नाही. पण हा फरक लहान नाही.

हीच मुलगी गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, नथ घालून, गॉगल लावून बुलेटवर बसते. नऊवारी शिवलेली असते, पायजम्यासारखी चढवायची. तिची पणजी अशाच वेषात बैलगाडीतून त्र्यंबकला गेली तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. हिचे मात्र चौकाचौकात फोटो निघतात, आणि ते सगळे फोटो त्याच रात्री फोनमध्ये इतके खोल जातात की पुढच्या पाडव्याला सापडत नाहीत.

म्हणून वाचकांना एक विनंती. माळ्यावरचे अल्बम या सुट्टीत खाली काढा. चिकटलेले फोटो ओढू नका, फाटतात. ज्या काकू, आत्या, मावश्या अजून सांगू शकतात त्यांना शेजारी बसवा, आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर हलक्या हाताने, पेन्सिलीने, गाव, साल आणि नाव लिहून ठेवा. बॉलपेन वापरू नका, पुढच्या बाजूला उमटतं. जागा उरली तर साडी कोणाची होती तेही लिहा. मात्र रंग लिहिण्याआधी दोघींना वेगवेगळं विचारा.